ट्रकच्या मापाचा तंबू

अर्धा घाट मागे पडला होता आणि तेवढ्या वाटेत दोघींपैकी एकीनेही सायकलच्या सीटला टेकायचं नाव काढलं नव्हतं. तोरणमाळचा रस्ता वळतो, चढतो, जरा दम खाऊ देतो आणि पुन्हा चढतो. लिडिया पुढे हँडल धरून होती. निर्मला मागून कॅरिअरला खांदा लावून ढकलत होती. कॅरिअरवरचा गठ्ठा असा होता, की लिडियाचा हात जरा सैल पडला तर पुढचं चाक जमीन सोडून वर यायचं, बैल बिथरल्यासारखं. मग दोघी ओरडायच्या, हसायच्या, चाक खाली दाबायच्या आणि पुढे निघायच्या.

एक वळण झालं की लिडियाची सायकल दगडाला टेकवायची आणि खाली उतरून निर्मलाची सायकल वर आणायची. म्हणजे घाट एकच, पण तो त्यांना तीनदा चालावा लागत होता.

"डॉक्टरने चालायला सांगितलं होतं ना तुला?" निर्मला धापा टाकत म्हणाली. "घे, झालं चालून."

"मला सांगितलं होतं. सायकलला कुठे चालायला सांगितलं होतं?"

लिडिया मावची ही विसरवाडीची. हायवेच्या चौफुलीवर, जिथे सुरतकडे जाणारे ट्रक चहाला थांबतात, तिथे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, इमॅन्युएलचं, ताडपत्री शिवायचं दुकान आहे. ट्रकच्या मालावर अंथरायच्या त्या ताडपत्र्या. फाटलेली असली तर ठिगळ लावून देतात, नवी हवी असली तर मापाने शिवून देतात. लग्न होऊन आली तेव्हा लिडियाला साधा परकर शिवता येत नव्हता. नवऱ्याने तिला पहिली सुई दिली ती ताडपत्रीची, बोटाएवढी लांब. आज पन्नाशीत, मुलगा जोएल मोठा झाल्यावर, तिचे तळहात असे आहेत, की गरम तवा ती फडक्याशिवाय उचलते.

साखर निघाली तेव्हा नवापूरच्या डॉक्टरने रोज चालायला सांगितलं. चार दिवस चालली आणि कंटाळली. "चालताना माणूस नुसता विचार करतो," म्हणाली, आणि शाळेत असताना चालवायची ती सायकल पुन्हा धरली. आधी चौफुलीपर्यंत, मग नवापूरपर्यंत. मग शहाद्याच्या हेमराजच्या दुकानातून गिअरची सायकल आली. निर्मला आश्रमशाळेत शिकवते, रविवारी चर्चमध्ये लिडियाच्या शेजारच्या चटईवर बसते. तिला लिडियाने कधी ओढलं तिचं तिलाही कळलं नाही.

तंबू मात्र हौसेने आला नव्हता. आदल्या हिवाळ्यात दोघी नंदुरबारच्या पलीकडे एका ओळखीच्या घरी मुक्कामाला राहिल्या. त्या घरची कौसाबाई तापाने फणफणलेली होती. तरी उठली, चूल पेटवली, कोंबडी कापायला निघाली. लिडियाने हात धरला तर म्हणाली, "पाहुण्याला उपाशी झोपवू काय?" दुसऱ्या दिवशी सायकलवर बसता बसता लिडिया म्हणाली होती, "निर्मला, आपण फिरायला निघतो, आणि जिथे जातो तिथे कोणीतरी बाई कामाला लागते. हे काही बरं नाही. आपलं घर आपल्यासोबत पाहिजे."

ते घर इमॅन्युएलने शिवलं. नाताळच्या आधीचा पूर्ण महिना, दुकानाचं काम आटोपून. सगळ्यात दाट विणीची हिरवी ताडपत्री, दुहेरी शिलाई, कोपऱ्याकोपऱ्याला पितळी रिंगा, उभं करायला एकात एक बसणारे लोखंडी पाइप. नाताळच्या सकाळी त्याने तो चर्चच्या अंगणात उभा केला. सगळी मंडळी आत वाकून बघून गेली. पास्टरसाहेब म्हणाले, प्रभूच्या एका प्रेषिताचं पोटही तंबू शिवूनच भरायचं. इमॅन्युएलची मान अशी वर झाली, की जेवण होईपर्यंत खाली आली नाही.

"मी कोणाचा माल कधी भिजू दिला नाही," तो सगळ्यांना सांगत होता. "मग बायको भिजू देईन?"

तोच तंबू आता घाटात दोघींच्या पुढ्यात होता. प्रकाशा, शहादा, म्हसावद, सपाटीवर त्याने काही त्रास दिला नव्हता. चढ लागला आणि तो बोलायला लागला.

मागून जीप आली. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर उभी माणसं. ड्रायव्हरने गाडी हळू केली.

"ओ मावशी! सायकल तुम्हाला नेते का तुम्ही सायकलला नेता?"

"ती माझी सासू आहे," लिडिया म्हणाली. "म्हातारी झाली, देवदर्शनाला नेते."

टपावरचे लोक खिदळले. ड्रायव्हर भला होता. म्हणाला, "तो गठ्ठा द्या टपावर. वर चहाच्या टपरीपाशी उतरवून ठेवतो."

निर्मलाने दोरीच्या गाठीला हात घातलाच होता. लिडियाने तिच्या मनगटावर चापट मारली. "राहू दे, दादा. जा तू."

जीप गेली तशी निर्मला रस्त्यातच बसली. "लिडिया, तुला झालंय काय?"

"अगं, तो विसरवाडीवरूनच भाडं मारतो. त्याच्या गाडीची ताडपत्री आमच्याकडची. संध्याकाळी चौफुलीवर सांगेल, इमॅन्युएलच्या बायकोला त्याचा तंबू घाटात पेलला नाही म्हणून. चर्चच्या अंगणात सगळ्यांसमोर उभा केलाय त्याने तो."

निर्मलाने धापा आवरल्या. उठली आणि खांदा लावला. दिवस मावळायच्या आत त्या वर पोचल्या, पण कोणती टेकडी नि कोणता तलाव बघायचं त्राण दोघींत नव्हतं. टपरीवाल्याला विचारून त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकला, आणि दोन घास खाऊन पडल्या.

सकाळी निर्मला प्रार्थनेला उठून बसली आणि कपाळावर थेंब पडला. वर बघते तर ताडपत्रीला आतून पाणी धरलेलं. बोट लावलं की ओघळ खाली यायचा. पाऊस नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. गोधड्या मात्र ओल्या हाताने चाचपल्यासारख्या दमट.

लिडिया आडवीच होती. डोळे उघडे ठेवून ती छताकडे बघत होती, एखादं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आल्यावर शिलाईकडे बघावं तशी.

"बाहेरचा एक थेंब आत आला नाही बघ," ती म्हणाली. "हे आपल्याच श्वासाचं पाणी. जायला वाट कुठे ठेवलीय त्याने? तो तरी काय करणार. ट्रकमधली पोती थोडीच श्वास घेतात."

पुढची फेरी मोलगीची ठरलेली होती. पलीकडचे डोंगर, मोलगीचा बाजार, हे तिने वर्षभर मनात धरलं होतं. तिकडचे चढ याहून कमी नव्हते.

"हा घेऊन मी मोलगीला पोचत नाही, निर्मला. आणि हा न घेता निघाले तर जोएलच्या बापाला काय वाटेल? महिनाभर डोळे फोडून शिवलाय." ती उठून बसली. "तू सांग त्याला."

"मी? नवरा तुझा."

"तू बाई आहेस शाळेतली. तुझं ऐकतो."

"शाळेतली बाई पाढे शिकवते. नवरा-बायकोत पडत नाही."

खाली उतरताना तंबू ब्रेकला ऐकत नव्हता, म्हणून उतारही त्यांनी चालतच काढला. शहाद्याला आल्या तशी लिडियाने सायकल सरळ हेमराजच्या दुकानासमोर लावली. हेमराजचं दुकान सायकलचं. पण अलीकडे तोरणमाळला जाणारी पोरं मागतात म्हणून तो तंबू, पिशव्या, डोक्याला लावायचे दिवेही ठेवतो.

"हेमराजभाऊ, तंबू दाखवा. हलका पाहिजे."

हेमराजचा चेहरा पडला. "ताई, हलका माल मन्हा दुकानमा भेटावच नही. समदं भारीच शे."

"नको भारी. भारी आहे माझ्याकडे. हलका द्या."

"ओ ताई, तुम्ही गिऱ्हाईक घरना. तुमले हलकं कसाले देऊ? नाव खराब व्हई मन्हं." आणि मोठ्या प्रेमाने त्याने वरच्या फळीवरून एक पोतडी ओढली. आठ माणसं झोपतील असा तंबू होता. पोतडी जमिनीवर आदळली तशी फरशी दणाणली. "दखा! हाई भारी!"

लिडियाने निर्मलाकडे बघितलं आणि दोघींना हसू आवरेना. हेमराज गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. शेवटी निर्मलाने समजावलं, की माल उत्तमच हवा, हलका पाहिजे तो वजनाला.

"तशे सांगा ना माय!" हेमराजने कपाळाला हात लावला. "पण ऐका, तंबू जितका वजनले हलका तितका किंमतले भारी."

ते खरं निघालं. किंमत ऐकून निर्मलाने पाणी मागितलं. पण लिडिया तोवर खाली बसली होती आणि तिने पहिली पिशवी सोडली होती.

पुढचा वेळ हेमराजच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक उभं राहू शकलं नाही. पहिला तंबू सगळ्यात हलका, मुठीत मावेल असा. लिडियाने कापड उजेडासमोर धरलं, तोंड लावून फुंकर मारली. एकच पदर होता आणि वरपर्यंत कुठे खिडकी नव्हती. "यात सकाळी पुन्हा आंघोळ होईल," म्हणून तिने तो बाजूला केला. दुसऱ्याला आत जाळी होती, वर वेगळं छत होतं, पण रंग झेंडूसारखा.

"हाऊ चांगला दिखस, ताई. दूरथीन दिखस."

"म्हणूनच नको. दोन बायका कुठे झोपल्या ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला कशाला दिसायला पाहिजे?"

हे हेमराजला कधी सुचलं नव्हतं. त्याने मान हलवली आणि तिसरा काढला. रंग सुकलेल्या गवतासारखा. आत जाळीचा पदर, वर पाण्याचा पदर, दोघांत वारा फिरायला वाव. काड्या अ‍ॅल्युमिनियमच्या. लिडियाला आवडलं ते म्हणजे काड्या घातल्या की तंबू खुंट्या न ठोकता आपला आपण उभा राहायचा. तोरणमाळच्या खडकावर खुंटी ठोकताना तिचा अंगठा ठेचला होता, तो अजून काळानिळा होता. दारं दोन्हीकडे होती. म्हणजे पहाटे एकीला बाहेर जायचं तर दुसरीच्या अंगावरून जायला नको.

ती साडी आवरून आत गेली आणि दुकानाच्या मधोमध पाय पसरून झोपली. मग उठून बसली, डोकं लागतं का बघायला. मग आतून हाक आली, "निर्मला, ये!" निर्मला लाजली, पण गेली. चप्पल, पिशव्या आणि दोन बायका मावल्या.

एकच गोष्ट राहिली होती. लिडियाने शिवणीवर दोन्ही अंगठे टेकवले आणि ताडपत्री तपासतात तशी जोर लावून ओढली. हेमराज कळवळला. "ताई! फाटी जाई!"

"फाटायचा तर इथे फाटू दे. डोंगरात नको."

शिवण हलली नाही. आतल्या बाजूने तिच्यावर एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती, सुईच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून. लिडियाने त्या पट्टीवरून बोट फिरवलं, आणि निर्मलाने बघितलं, की तिचा चेहरा बदलला. जन्मभर ती आणि इमॅन्युएल सुईच्या भोकांवर मेण घासत आले होते.

शेजारच्या केळीवाल्याच्या काट्यावर तंबू ठेवला. काटा जेमतेम हलला. केळीवाला म्हणाला, "आत काही आहे का नुसती पिशवी?"

विसरवाडीला पोचल्या तेव्हा इमॅन्युएल मशीनवर होता. त्याने दोघींकडे नाही, आधी कॅरिअरकडे बघितलं. एकावर त्याचा गठ्ठा, आणि हँडलला लटकलेली एक छोटी पिशवी.

"हे काय?"

लिडिया उभी राहिली. हायवेवरच्या दारुड्या ड्रायव्हरला ही बाई हातात सुई घेऊन दुकानाबाहेर काढते, पण आता तिने पिशवीवर पदर ओढला. "हे निर्मलाने..." एवढं म्हणाली आणि थांबली. निर्मलाने खाली बघितलं. चर्चमध्ये कोणी खोटं बोलत नाही, आणि लिडियाला तर चर्चच्या बाहेरही ते जमत नाही.

"जोएलच्या बापा," ती म्हणाली, "तुझा तंबू भारी आहे."

इमॅन्युएल खुलला. "आहेच भारी! तोरणमाळच्या थंडीत कळलं असेल. लोकांनी बघितला?"

झालं असतं तिथेच. खरं बोलून झालं होतं आणि नवराही खूश होता. निर्मलाला वाटलं, आता ही गप्प बसेल. कोणीही बसली असती. पण लिडियाने सायकल फिरवली आणि हँडल नवऱ्याच्या हातात दिलं.

"ही चर्चच्या चढावरून वर ने आणि आण. चालवू नको, ढकल. मग बोलू."

"का?"

"ने तर खरं."

तो गेला. चौफुलीवरचे दोन ड्रायव्हर चहाचे कप घेऊन बघत उभे राहिले. चढाच्या मध्यावर पुढचं चाक उचललं. इमॅन्युएल थांबला, चाक दाबलं, पुन्हा निघाला. वर जाऊन तो बराच वेळ उभा होता. उतरताना त्याला सायकल ओढत होती. दुकानात येऊन त्याने ती भिंतीला टेकवली, पाणी प्यायला, आणि तांब्या खाली न ठेवताच म्हणाला,

"तू हा पूर्ण घाट चढवलास?"

"दोघींनी."

"जीपवर का नाही टाकलास?"

लिडिया गठ्ठ्याची दोरी सोडायला लागली. इमॅन्युएल तिच्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं.

"ट्रकला वजनाचं काही नसतं," तो सावकाश म्हणाला. "मी माप तुझं घेतलं आणि शिवला ट्रकसाठी."

मग त्याने हात पुढे केला. "आण तो. बघू."

नवा तंबू अंगणात उभा राहिला. इमॅन्युएलने बादली भरली आणि छतावर ओतली. दुसरी बादली ओतली. मग गुडघे टेकून आत गेला आणि प्रत्येक शिवण हाताने चाचपली. बाहेर आला तेव्हा हात कोरडा होता. बोटं एकमेकांवर घासत तो म्हणाला, "ही पट्टी कोणाच्या डोक्यातून निघाली असेल? शाबास त्याची." आणि वाकून तळ चिमटीत धरत, "पण खालचं कापड पातळ आहे. आपल्याकडच्या मुरमावर टिकायचं नाही."

रविवारी चर्चला निघायच्या आधी त्याने लिडियाच्या हातात एक घडी ठेवली. पातळ प्लॅस्टिकची, कडा दुमडून शिवलेली, तंबूखाली अंथरायला. तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत, म्हणजे कडेला पाणी साचायला नको. "काट्यावर ठेवून बघितली," तो म्हणाला. "घे, तूही बघ."

हिरवा तंबू त्याने दुकानापुढे कायमचा उभा केला. आता उन्हातान्हात ट्रकवाले त्यात बसून चहा पितात. येणारा प्रत्येक जण वर बघून विचारतो, "कोणी शिवला?" इमॅन्युएल मशीन थांबवतो आणि सांगतो.

मोलगीला दोघी थंडी ओसरता ओसरता गेल्या, बाजाराच्या आदल्या दिवशी. शेवटच्या चढाला लिडिया सीटवरून उठली, उभ्याने पेडल मारत राहिली, आणि खाली पाय टेकवला तो चढ संपल्यावरच. निर्मला मागे राहिली होती. तिने बघितलं, वर उभी राहून लिडिया दोन्ही हातांनी पदर सारखा करत होती, चर्चमध्ये साक्ष द्यायला उठल्यावर करते तसा.

शाळेच्या कडेला तंबू लावला. बाजाराला आलेल्या डोंगरातल्या बाया गोळा झाल्या. त्यांची बोली वेगळी, यांची वेगळी. पण रूपलीबाई नावाची एक म्हातारी डोक्यावरची टोपली उतरवून सरळ आत शिरली आणि आडवी झाली. आतूनच तिने काहीतरी सांगितलं. एका पोरीने मराठीत केलं, "आजी म्हणते, घर चांगलं आहे. चूल कुठे आहे?"

लिडिया म्हणाली, चूल नाही, त्याचसाठी तर हे घर. कोणा बाईला आमच्यासाठी पेटवायला लागू नये म्हणून.

म्हातारीने ते ऐकून घेतलं आणि बाहेर आली. टोपलीतून ज्वारीच्या दोन भाकरी आणि मिरचीची चटणी काढून लिडियाच्या ओंजळीत ठेवली. पोरगी हसत म्हणाली, "आजी म्हणते, ही सकाळीच झालेली आहे. तुझ्यासाठी चूल पेटवलेली नाही. खा."

संध्याकाळी दोघी तंबूच्या दाराशी भाकरी खात बसल्या होत्या. निर्मला कधीमधी शाळेच्या वार्षिक अंकात चार ओळी लिहिते. ती म्हणाली, हे लिहावंसं वाटतंय. घाट, हेमराज, बादली, सगळं.

लिडियाने घास खाली ठेवला. "माझं काय लिहायचंय त्यात?"

"बरंच आहे."

"मग लिही. माझं काहीही लिही, घाटात कशी रडकुंडीला आले तेही लिही. एकच ऐक माझं." ती पुढे सरकली. "जोएलचा बाप वाचेल ते. दुकानात सगळ्यांना वाचून दाखवेल. तर त्याच्या तंबूला जड लिहू नकोस. भारी लिही."